चूलबंद आवतन

माणसाची खरी पत बँकेत कळत नाही, ती आमंत्रणावरून कळते. हे वाक्य मी बँकेत कारकून असून लिहितो आहे, तेव्हा त्याला थोडंफार वजन असावं. आमच्या चांदूर बाजारात आमंत्रणाला आवतन म्हणतात आणि त्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. पहिलं आवतन रस्त्यावरचं. गाडी न थांबवता, मान वळवून, "भाऊ, उद्या जेवाले या बरं!" यात देणाऱ्यालाही ठाऊक असतं की समोरचा येणार नाही, आणि घेणाऱ्यालाही ठाऊक असतं की तिकडे कोणी वाट पाहणार नाही. दुसरं म्हणजे घरातून एकानं यायचं. आणि तिसरं, सगळ्यांत मानाचं, ते चूलबंद. चूलबंद म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटवायची नाही. म्हातारी आजी, पाळण्यातलं पोर, तुमच्याकडे मुक्कामाला आलेला पाहुणा आणि त्या पाहुण्याला भेटायला आलेला दुसरा पाहुणा, सगळे यजमानाच्या पंगतीला. घरोघरी गॅस आला त्याला कितीतरी वर्षं झाली, पण शब्द तोच राहिला. 'सिलिंडरबंद आवतन' म्हटलं तर कुत्रंही जेवायला जाणार नाही.

तात्पर्य, न बोलावता कुठं जायची आम्हांला सवय नाही. अपवाद एकच, बहिरमच्या यात्रेचा. आमच्याच तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, डिसेंबरात सुरू होऊन महिनाभराहून जास्त चालणारी ही यात्रा. तिथं हंडीतल्या मटणाचा आणि गोवरीवर भाजलेल्या रोडग्यांचा वास हेच आवतन. बाकी ठिकाणी मात्र कोणीतरी 'या' म्हटल्याशिवाय आमचं पाऊल उचलत नाही. आणि कोणी 'या' म्हटलं, की मग ते कुठं बोलावतं आहे हे विचारणं आम्हांला असभ्यपणाचं वाटतं. माझा सगळा घोळ याच दुसऱ्या सवयीतून झाला.

वास्तविक आवतनाची ही खुबी मला तरुणपणीच कळायला हवी होती. २००४ साली, एक एप्रिलला, गूगलनं जीमेल काढलं. तारखेमुळे पुष्कळांना ती थट्टाच वाटली. पण थट्टा पुढेच होती. आधी आत गेलेल्या माणसानं बोलावल्याशिवाय तुम्हांला खातं मिळत नसे. तिकडे परदेशात लोकांनी ही आवतनं चक्क विकली. मी तेव्हा नुकताच बी.कॉम. होऊन अमरावतीला एका सायबर कॅफेत तासाच्या हिशेबानं भविष्य घडवत होतो. पुण्यातल्या एका मित्राला आवतनासाठी मी तीनदा एस.टी.डी. केला. त्या तीन फोनांच्या पैशात मी पुण्याला जाऊन त्याला प्रत्यक्ष भेटून आलो असतो. शेवटी आवतन आलं, पत्ता मिळाला, आणि मग लक्षात आलं की पत्र कोणाला लिहायचं? माझ्या ओळखीत त्या मित्राखेरीज कोणाकडेच ईमेल नव्हता. तरी पुढची दोन-अडीच वर्षं मी 'आतला माणूस' म्हणून मिरवलो. फेब्रुवारी २००७ मध्ये त्यांनी दार सगळ्यांना उघडं केलं आणि माझी प्रतिष्ठा एका रात्रीत गेली.

ती परत मिळण्याचा योग आला २०२२ च्या संक्रांतीला. परतवाड्याचा माझा साळा तिळगूळ घेऊन आला. त्याचं मोबाइलचं दुकान आहे आणि जगात जे जे नवीन निघतं ते त्याला आदल्या दिवशी कळतं. सौ. चहा टाकायला आत गेली तसा तो खुर्ची सरकवून जवळ आला.

"भाऊजी, एक गोष्ट सांगतो. पण कोणाले सांगू नका."

आमच्या गावात गोष्ट पसरवायची असेल तर दवंडी देत नाहीत, एवढंच वाक्य म्हणतात.

"क्रिप्टोचा नवा ट्रेडिंग प्लॅटफॉर्म येऊन राह्यला. सर्व्याईसाठी नाही. इन्व्हाइट ओन्ली!"

"म्हणजे?"

"म्हणजे आवतन असन तरच आत."

"मग मले काहून सांगून राह्यला?"

"माह्याकडे पाच कोड होते. चार गेले. एकच उरला." त्यानं आतल्या दाराकडे पाहिलं. "म्हटलं, भाऊजी आपले बँकेतले."

पुढं मी चौकशी केली तेव्हा कळलं की परतवाड्यापासून चांदूरपर्यंत ज्याला ज्याला कोड मिळाला, त्या प्रत्येकाला तो शेवटचाच मिळाला होता.

क्रिप्टोबद्दल तेव्हा मला तीन गोष्टी ठाऊक होत्या. बिटकॉइन २००९ साली निघालं. ते कोणी काढलं तो माणूस कोणाला दिसला नाही. आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये एका नाण्याचा भाव सुमारे ६९ हजार डॉलरवर गेला होता. पहिल्या दोन गोष्टींवरून शहाण्या माणसानं सावध व्हावं आणि तिसरीवरून वेडं व्हावं. मी वाणिज्य शाखेचा असल्यामुळे तिसऱ्या गोष्टीला जास्त महत्त्व दिलं. दहा हजार रुपये भरले. सौ.ला सांगितलं नाही. तिला कुलरसाठी ठेवलेले आहेत असंच वाटत होतं.

आत गेल्या गेल्या मोबाइलवर अक्षरं उमटली: "स्वागत! आपला प्रतीक्षा क्रमांक ४१,८०६. तिघांना बोलवा, रांगेत पुढे सरका."

रांग हा माझा उदरनिर्वाहाचा विषय आहे. अठरा वर्षं मी खिडकीच्या आतून रांग बघतो आहे. पण रांगेतल्या माणसाला "आणखी तिघं घेऊन या, म्हणजे तुमचा नंबर आधी लागेल," असं सांगायची कल्पना मला कधी सुचली नाही. सुचली असती तर मॅनेजरनं मला दुसऱ्या दिवशी मेळघाटात पाठवलं असतं. अमेरिकेत मात्र ही कल्पना चांगली रुजलेली होती. तिथल्या रॉबिनहूड नावाच्या शेअर दलालीच्या कंपनीनं धंदा सुरू व्हायच्या आधीच अशी प्रतीक्षा यादी लावली आणि जवळजवळ दहा लाख माणसं त्या यादीत उभी राहिली. ती कंपनी खरी होती आणि तिनं दारही खरंच उघडलं. त्यामुळे पुढं ज्यांच्याकडे नुसतीच यादी होती, त्यांची सोय झाली.

यातली मेख मला फार उशिरा कळली. बंद दार माणसांना बाहेर ठेवायला असतं अशी आपली समजूत. हे दार माणसं आणवण्यासाठी बंद होतं. हीच गोष्ट वर्तमानपत्रात जाहिरात म्हणून आली असती तर मी तिच्यात भजी बांधून आणली असती. पण साळ्यानं सांगितलं, आणि साळ्याला त्याच्या होलसेलवाल्यानं सांगितलं. जाहिरातीला पैसे पडतात, ओळख फुकट मिळते. आणि चांदूर बाजारात संत्र्याचं पीक एखाद्या वर्षी दगा देईल, ओळखीचं कधी देत नाही.

महिन्याभरात मी सात जणांना आत घेतलं. यात मेडिकलवाले भाऊ, माझा न्हावी, बँकेतले दोघं, चौकातला झेरॉक्सवाला, एक ठेकेदार आणि शेजारचे निवृत्त गुरुजी. मी कोणाच्या मागं लागलो नाही, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं, आणि सांगावंसं वाटतं यातच काय ते आलं. मी फक्त म्हणायचो, "नाही बाप्पा, ते सर्व्याईसाठी नाही." एवढ्यावर समोरचा दोन दिवस झोपत नसे. तिसऱ्या दिवशी तो खिडकीशी येऊन पासबुक पुढं करायचा आणि हळूच विचारायचा, "भाऊ, ते आपलं काही झालं काय?" मी पासबुक छापून देता देता कागदावर आठ अक्षरं लिहून द्यायचो. सरकारी नोकरी देतो आहे असा चेहरा व्हायचा माझा.

त्यातच एक फेब्रुवारीचं बजेट आलं. अर्थमंत्र्यांनी क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर जाहीर केला. शहाण्या देशात कर लागला की लोक दूर पळतात. आमच्या चौकात उलट झालं. "सरकार टॅक्स घेऊन राह्यलं म्हणजे पक्कं झालं!" असा निकाल चहाच्या टपरीवर लागला. कर लावला म्हणजे मान्यता दिली असं नाही, हे अर्थमंत्र्यांनी त्याच महिन्यात राज्यसभेत स्पष्ट केलं होतं. पण राज्यसभा लांब आणि टपरी जवळ.

इथं मला आमच्या धंद्यातली एक जुनी चाल सांगितली पाहिजे. मी बँकेत लागलो तेव्हा खातं उघडायच्या अर्जावर एक रकाना असे: ओळख करून देणाऱ्याची सही. आधीच्या एखाद्या खातेदारानं 'या माणसाला मी ओळखतो' असं लिहून द्यायचं. त्यामागं कायदा होता. चेकच्या व्यवहारात बँकेनं हयगय केली नाही, हे दाखवायला परक्राम्य संलेख अधिनियमाच्या १३१ व्या कलमाखाली ही ओळख उपयोगी पडे. पुढं केवायसी आली, आधार आलं, आणि तो रकाना गेला. आता अंगठा माणसाची ओळख देतो.

माझे वडील शिक्षक होते आणि आमच्या खेड्यातल्या निम्म्या खात्यांवर ओळखीची सही त्यांची होती. त्याबद्दल त्यांना कोणी चहासुद्धा पाजत नसे. उलट काही भानगड झाली तर बोलावणं त्यांनाच. नवा माणूस सहीला आला की ते त्याला बसवायचे, पाणी द्यायचे आणि म्हणायचे, "एक हंगाम पाहतो." कापूस निघून पैसे हाती आल्यावर माणूस उधारी कशी फेडतो, हे बघितल्याशिवाय त्यांचं पेन उघडत नसे. मी मात्र सात जणांना एका महिन्यात ओळख दिली, आणि तीही अशा दुकानाची, ज्याचा मालक कोण हे मला ठाऊक नव्हतं. शिवाय दर ओळखीमागं माझ्या खात्यात बोनस जमा होत होता. वडिलांच्या काळात ओळख देणाऱ्याला जोखीम असे. आता त्याला कमिशन होतं.

मार्चमध्ये नागपूरची बातमी आली. ईथर ट्रेड एशिया नावाच्या कारभारात पोलिसांनी धरपकड केली. दोन हजारांवर लोक आणि ४० कोटी रुपये, असा पोलिसांचा आकडा होता. त्याच्या आधीचं पुण्याचं गेनबिटकॉइन प्रकरण तर सगळ्या देशाला ठाऊक होतं. बिटकॉइन द्या, दरमहा १० टक्के घ्या, १८ महिने. आणि माणसं आणली तर वर आणखी. पुढं पुढं लोकांच्या हाती बिटकॉइनऐवजी त्यांचंच घरचं एमकॅप नावाचं नाणं पडायला लागलं. त्याचा सूत्रधार म्हणून अमित भारद्वाजला पुणे पोलिसांनी २०१८ साली पकडलं, आणि निकालाच्या आधीच जानेवारी २०२२ मध्ये तो वारला. नंतर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं प्रकरण सीबीआयकडे गेलं.

बातमी वाचली त्या दुपारी मी रोखीच्या स्लिपच्या पाठीवर हिशेब मांडला. एकानं तिघं आणायचे, त्या प्रत्येकानं तिघं. तीन, नऊ, सत्तावीस. नवव्या पायरीला १९,६८३, म्हणजे आमच्यासारखं एक गाव बसलं. एकविसाव्या पायरीला १,०४६ कोटी. पृथ्वीवर माणसं त्या वेळी आठशे कोटींच्या आतबाहेर. म्हणजे उरलेल्या दोनशे सेहेचाळीस कोटींसाठी आवतन घेऊन मंगळावर जावं लागणार. अशा फिरत्या पैशाच्या योजनांवर आपल्याकडे १९७८ पासून कायद्यानं बंदी आहे. तो कायदा माझ्या जन्माच्या आधीचा, आणि मी तो बँकेच्या परीक्षेसाठी पाठ केलेला!

तुम्ही म्हणाल, मग त्याच दिवशी सगळ्यांना सावध केलं असेल. नाही केलं. कारण मोबाइलच्या पडद्यावर माझ्या दहा हजारांचे तेवीस हजार चारशे झाले होते. गणित मला पटलं होतं, पण ते दुसऱ्यांच्या पैशांबद्दल.

पैसे काढायची सोय 'सार्वजनिक उद्घाटनानंतर' होणार होती. उद्घाटन गुढीपाडव्याला होतं. मग ते अक्षय्य तृतीयेवर गेलं. मग पोळ्यावर.

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात एक काकाजी खिडकीशी आले. शिरजगावकडचे संत्रावाले. मृगबहाराच्या पैशांची चार लाखांची त्यांची मुदत ठेव माझ्याच हातची.

"मोडून टाका साहेब."

"काहून काकाजी? मुदत तं व्हायची आहे."

"तुमच्यावाल्या कोडात टाकतो. गुरुजीनं सांगतलं, बँकेवाल्याचा कोड हाये, भेव नाही."

गिऱ्हाइकानं स्वतःची ठेव मोडायला मागितली तर नाही म्हणायचा मला अधिकार नाही. अर्ज पुढं करायचा, सही घ्यायची, व्याज कापायचं. मी अर्ज काढला. मग म्हणालो, "काकाजी, लिंक फेल आहे. उद्या या."

अठरा वर्षांत आमची लिंक असंख्य वेळा फेल गेली, पण माझ्या मदतीशिवाय. त्या दिवशी ती व्यवस्थित चालू होती. मागं पासबुकाचं यंत्र कर्र कर्र करून तसं सांगतही होतं. काकाजींनी एकदा यंत्राकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि टोपी नीट करून गेले.

रात्री मी पाचशे रुपये काढून बघायचं ठरवलं. उत्तर आलं: "ही सुविधा लवकरच. प्राधान्य हवे असल्यास आणखी पाच जणांना बोलवा." म्हणजे आत यायला आवतन लागत होतं तसं बाहेर पडायलाही लागत होतं.

दुसऱ्या दिवशी काकाजी बँक उघडायच्या आधीच पायरीवर बसलेले. मी त्यांच्या शेजारी बसलो.

"काकाजी, मी तिथून एक रुपयाही अजून काढून पाह्यला नाही. काल पाह्यला, तं निघाला नाही."

"मंग मले कायले बोलावलं?"

"मी नाही बोलावलं. तुम्हांले गुरुजीनं सांगतलं."

"गुरुजीले कोणं सांगतलं?"

मी कुलपाकडे बघत राहिलो. शिपाई किल्ल्या घेऊन येईपर्यंत आम्ही दोघंही काही बोललो नाही. काकाजींनी ठेव मोडली नाही, पण पुढच्या वेळेपासून त्यांनी शेजारची खिडकी धरली.

मग मी सात घरी जायचं ठरवलं. वऱ्हाडात आवतन द्यायची रीत आहे, ते राखायची आहे, आग्रह करायची तर फारच आहे; पण दिलेलं आवतन परत घ्यायची रीत नाही. त्यासाठी शब्दसुद्धा नाही. मेडिकलवाले भाऊ हसले, "वीस हजाराच्या गोळ्या एक्स्पायर झाल्या म्हणतो." ठेकेदारानं ऐकून घेतलं आणि मला चहा पाजला, त्याला अशी बिलं अडकायची सवय होती. झेरॉक्सवाल्यानं मी काही बोलायच्या आधीच शटर ओढलं. बँकेतल्या दोघांनी मीच फसलो आहे हे ऐकून समाधान व्यक्त केलं. न्हावी काहीच बोलला नाही. पण मी ही गोष्ट त्याला दाढी चालू असताना सांगायला नको होती, वस्तरा गळ्याशी असताना शांतता फार लांब वाटते. त्याचे पाच हजार मी दिवाळीच्या उचलीतून दिले. त्यानं मोजून घेतले आणि त्या दिवशीच्या दाढीचे वेगळे मागितले.

गुरुजींकडे मी सगळ्यांत शेवटी गेलो. त्यांचे पंधरा हजार होते आणि त्यांनी अकरा माणसं आणली होती. अकराही त्यांचे जुने विद्यार्थी. मी पैसे परत करतो म्हणालो, हप्त्यानं. ते बराच वेळ अंगणातल्या तुळशीकडे पाहत बसले.

"माझं सोड," ते म्हणाले. "पण मी टाकले ते तुझ्याकडे पाहून नाही टाकले. तुझ्या वडिलांची सही आठवली, म्हणून टाकले."

नोव्हेंबरात बिटकॉइन सोळा हजार डॉलरच्या आसपास आलं, म्हणजे खऱ्या बाजाराचीच ती दशा. डिसेंबरात आमचा प्लॅटफॉर्म उघडेना. पांढरा पडदा आणि त्यावर एक गोल फिरत राहायचा. साळ्याला फोन केला तर म्हणाला, "सर्व्हर अपग्रेड होऊन राह्यला भाऊजी. बरं, तुम्हांले एक दुसरं सांगाचं होतं, पण कोणाले सांगू नका..." मी फोन सौ.च्या हाती दिला. त्या दिवशी तिला कुलरचंही कळलं आणि तिच्या भावालाही काय ते कळलं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये गुरुजींच्या नातीचं लग्न निघालं. आमच्या दोन घरांत तीन पिढ्यांचं चूलबंद. त्यांच्याकडे कार्य असलं की आमच्या स्वयंपाकघरात त्या दिवशी मांजरसुद्धा फिरकत नसे. पत्रिका घेऊन त्यांचा मुलगा आला. बसला नाही, दारातूनच देऊन गेला. पाकिटावर सुरेख शिक्षकी अक्षरात माझं नाव होतं. 'श्री.' होतं, आडनावही होतं. पुढं 'सहकुटुंब सहपरिवार' नव्हतं.

सौ.नं पाकीट उलटं करून पाहिलं. आत दुसरी चिठ्ठी आहे का ते पाहिलं. मग पत्रिका देवाजवळ ठेवली.

"तुम्ही जा," ती म्हणाली. "नाही गेलात तर बरं दिसणार नाही."

मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. अक्षता टाकल्या, पंगतीला बसलो. वाढणाऱ्यांत गुरुजींचे ते विद्यार्थी होते. वरण आलं, भाजी आली, बुंदी आली. सगळं रीतसर आलं, कोणी काही कमी वाढलं नाही. आग्रह मात्र कोणी केला नाही. मी पहिल्याच वाढीवर उठलो.

घरी आलो तेव्हा गॅसवर तवा अजून गरम होता. पोरं बेसन-भाकर खाऊन झोपली होती.

"उरलं आहे का थोडं?" मी विचारलं.

सौ.नं काही न विचारता दुसरं ताट घेतलं.